माहेर शाबूत

“जोरात झोका घे गं तनुजा, मी हाय खाली!” लहानपणी पंचमीला मायचा हा आवाज पार वेशीपर्यंत जायचा.

औंदा पंचमीला तनुजा माहेरी आली, तर माय दबकत बोलत होती आणि तिचा मोडका हात गळ्यात बांधलेला होता. “तुझ्या भावानं काठीनं मारलं,” शेजारीण कानात म्हणाली. तनुजानं लगेच म्हाताऱ्या माणसांच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून दोन बाया जीपनं आल्या. भावाला, व्यंकटीला, त्यांनी बाहेर थांबवलं. “मावशी, भिऊ नका. हात कुणी मोडला?”

“कुणी न्हाई बाई, म्हशीनं ओढलं,” माय हसली. “लई मस्तवाल हाय.”

त्यांनी तेवढं लिहून घेतलं आणि त्या गेल्या.

“म्हैस तर मागच्या सालीच इकली ना!” तनुजा चिडली. “खोटं कामून बोललीस, माय?”

मायनं धड हातानं तिची बाही हळूच वर सरकवली. आल्या दिवसापासून तनुजानं लपवलेले दंडावरचे काळेनिळे वळ उघडे पडले.



“जावयानं हाकलल्यावर तू इथंच येशील ना, बाई? व्यंकटीला पोलिसांनी नेलं, तर सुटून आल्यावर त्यो तुला ह्या घरात घेईल का?”