रांग कुणाच्या हुकमानं मोडली?

"पाहुणे कापूरहोळपर्यंत आलेत, पोचतीलच आता," आनंदराव सरांनी माईकवरून पुन्हा सांगितलं. मघाशीही पाहुणे कापूरहोळलाच होते. तिथल्या धाब्यावर पाहुण्यांची पंगत बसली आहे, हे भोरच्या त्या मैदानावर एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

नेतृत्व स्पर्धेचे संघ टळटळीत उन्हात रांगा करून उभे होते. सकाळच्या सगळ्या फेऱ्यांत नववीतल्या नूतनचा संघ पहिला आला होता. पहिल्या नंबरची ढाल जवळजवळ हातात होती. आता फक्त पाहुणे येईपर्यंत हलायचं नव्हतं. रांग मोडली की संघ बाद.

समोरच्या मांडवात पाहुणेमंडळींच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्यापुढं उभे पंखे गरगरत होते. खुर्च्यांना घाम येतो म्हणून असेल!

"ताई, डोळ्यापुढं अंधारी येतीया," मागून सिद्धनाथ पुटपुटला. सातवीतलं पोर, वेल्ह्याच्या डोंगरातल्या वस्तीवरून अंधारात निघालेलं. पोटात सकाळपासून नुसता चहा.

नूतननं हात वर केला. "सर, ह्याला चक्कर येतीया. सावलीत बसवू का?"

"एवढंसं ऊन सोसत नाही आणि निघाले नेते व्हायला!" मांडवातल्या सावलीतून सर म्हणाले आणि बाटलीतलं गार पाणी घटाघट प्याले.

तेवढ्यात सिद्धनाथ धाडकन कोसळला.

नूतनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढालीकडं तिनं एकदा बघितलं, नाही असं नाही. मग ओरडली, "उचला रे त्याला! चला समदी मांडवात!"

तिघांनी मिळून त्याला आणलं आणि पंख्यासमोरच्या दोन खुर्च्या जोडून आडवं केलं. पाहुण्यांसाठी मांडलेली पाण्याची बाटली नूतननं उघडली, रुमाल भिजवून त्याच्या कपाळावर ठेवला. बाकीची पोरंही पाणी प्यायली, कुणाला न विचारता.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. आनंदराव सर माईक सोडून धावत येऊन सिद्धनाथच्या पुढ्यातच उभे राहिले. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"उठा! पाहुणे आले! ढाल गेली तुमची, कळतंय का? कुणाच्या हुकमानं रांग मोडली?"

"माझ्या," नूतन म्हणाली. "आन् जरा बाजूला व्हा, सर. त्याचा वारा अडतोय."