आलवणातला नवरा

पंचावन्न साली अकोल्यात एक विनोदी सिनेमा लागला. त्यात बायको मेली की नवऱ्याचंच डोकं भादरत, त्याला विधवेचं लाल आलवण नेसवत आणि एकवेळच्या जेवणावर माजघरात कोंबत. शास्त्रीमंडळींच्या अंगाचा तिळपापड झाला. सिनेमा बंद पाडायला एखाद्या सोवळ्या बाईची साक्ष हवी, म्हणून त्यांनीच तिकीट काढून येसूकाकूला आत बसवलं. काकूएवढं कडक सोवळं गावात कोणाचं नव्हतं. स्वतःचं तर सोडाच, दोन वर्षांमागं मुलगा गेल्यापासून सून सुभद्रेचं डोकंही ती समोर बसून भादरून घेई.

थेटरात बायका पोट धरधरून हसत होत्या. काकू पदरावरून आपलं डोकं चाचपत दगडासारखी बसून राहिली.

बाहेर हरिहरशास्त्री वाटच पाहत होते. "काकू, आलं का एकदा तरी हसू?"

"नाई आलं."

"मंग झालं तर! उद्याच बंद कराले लावतो."

"बंद कावून? खोटं काय दाखवलं त्यानं? मले हसू आलं नाई, त्यात त्याचा काय दोष? चालू द्या. तुमीबी पाहून या, वयनीले घेऊन."

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे न्हावी आला. सुभद्रा सवयीनं पदर मागं सारून, मान खाली घालून पाटावर बसली.



काकूनं तिला दंडाला धरून उठवलं, स्वतः पाटावर बसली आणि न्हाव्याला म्हणाली, "माझं कर अन् जाय. तिचे वाढू दे."