सातच्या सात

“कोंबड्या कलकलल्या की आधी पोर बघ गो, मग कोंबडी,” शेजारच्या शेवंतीकाकी म्हणाल्या तेव्हा केतकी हसली होती. “काकी, पोर घरात झोळीत असते. परसातून दोन कोंबड्या गेल्या त्याचं सांगा, मुंगूस की रानमांजर?”

आज भरदुपारी ती अंगणात आमसुलं वाळत घालत असताना मागे कलकलाट उठला. काठी घेऊन ती घराला वळसा घालून परसात धावली. उरलेल्या कोंबड्या मोजल्या. सातच्या सात दगडी गडग्याच्या भिंतीवर चढलेल्या. हुश्श करते तोच दिसलं, सगळ्यांच्या माना उघड्या मागच्या दाराकडे वळल्या होत्या.

ती आत धावली. झोळीखाली अजगराचं वेटोळं हळूहळू सुटत होतं. लेकीला झोळीतून उचलून छातीशी धरून ती बाहेर आली.

तुमचं बाळ आत्ता कुठे निजलंय? आधी बघून या.