रेडिओवर विचारतील ते नाव

आदिलाबादच्या रेडिओवर माझी मुलाखत ठरली, मी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांविषयी. मी बोलताना अडखळतो, म्हणून आदल्या दिवशी बायकोनं माझ्या तोंडापुढे माईकसारखी पळी धरली.

"मास्तर, या ओव्या तुमाले कोनं सांगतल्या?"

"आमच्या घरच्यांनी."

"त्याईचं नाव काय?"

नवऱ्यानं बायकोचं नाव तोंडातून काढायची आमच्या वांकिडीत रीत नाही. लग्नापासून 'ऐकलं का' यावरच आमचं भागलं होतं.

"नाव कायले पायजे? घरच्या म्हटलं का समजते."

"गावाले समजते. रेडिओले काय समजते?" तिनं पळी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत लाल दिवा लागला आणि तोच प्रश्न आला. मी काय उत्तर दिलं, ते बाहेर पडल्यावर मला आठवेना.

मुलाखत लागली तेव्हा मी रेडिओजवळ मान खाली घालून बसलो होतो. ती चुलीपाशी पाठमोरी भाकरी थापत होती. प्रश्न आला. मग बराच वेळ नुसती खरखर.

"मनकर्णा," रेडिओतून माझा आवाज आला.

"ओ," म्हणत ती पिठाच्या हातांनीच उठली.