फोटोतलं हसू

लढाईत गोळी लागली आणि माझा डावा गाल लुळा पडला. फौजेच्या डॉक्टरनं चावायचा स्नायू वळवून ओठाच्या कोपऱ्याला शिवला. म्हणाला, “दात आवळलेस की हसू येईल.”

रजेवर आलो, तर साताऱ्यात भरतीच्या मेळाव्यात गोऱ्या साहेबानं मला मिरवायला उभं केलं. डावीकडून फोटो घ्यायला लावला. “हसो, जवान!”

फोटोवाल्याशेजारी फौजदार मिशीला पीळ देत उभा होता. बेचाळीसच्या मोर्चात माझ्या भावाला गोळी घालणारा, तोच. मला हसायला काहीच कष्ट पडले नाहीत.

फोटो आमच्या गावच्या चावडीवर लागला. लोक म्हणाले, “नाथाजी लय खुशीत दिसतोय.”

आई मात्र फोटोपुढनं हलेना.

“नाथा, त्यो फौजदार तितंच हुता व्हय रं?”