उजेडातला कंदील

टेक एक.

"तौनो हाल्मे मेला, हे ऐकून..." एन्सिओ रौताला थांबला. "मेला म्हणू की गेला?"

"गेला," कॅमेऱ्याशेजारून टीव्हीवाली मीरका म्हणाली. "आणि खुर्ची हलवू नका, एन्सिओ. फिरती आहे ती. चित्र हलतं."

तौनो अजून गेला नव्हता. तुर्कूच्या इस्पितळात नळीतून सूप पीत होता. पण मोठ्या माणसांबद्दलचे चार शब्द टीव्हीवाले आधीच चित्रित करून ठेवतात, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. तौनो मोठा माणूस होता. बावीस सिनेमांचा नायक. एन्सिओ जन्मभर रंगमंचावर उभा राहिला. सिनेमे केले तीन. दोनांत पोस्टमन, एकात प्रेत.

तो दाढी करून सकाळच्या गाडीनं हेलसिंकीला आला होता. समोर ठेवलेल्या वेलदोड्याच्या पावाला त्यानं हात लावला नव्हता.

टेक दोन.

त्यानं सरळ विषयालाच हात घातला. तरुणपणीचा जून महिना, तळ्याकाठचं उन्हाळी नाट्यगृह. तिथं रंगमंच जागच्या जागी आणि प्रेक्षक फिरते. आठशे माणसांचा गोल चौथरा मोटारीवर फिरायचा. आधी घराकडे तोंड, मग बर्चच्या झाडांच्या राईकडे, मग पाण्याकडे. नट आडवाटेनं पळत जाऊन पुढच्या जागी उभे राहायचे. चौथरा फिरवायची खूण तौनोकडे होती. तो नाटकातला शेतगडी. त्यानं कंदील वर केला की यंत्रवाला कळ दाबायचा. तिकडच्या जूनमध्ये रात्रीही उजेड असतो, कंदिलाची गरज कुणाला? तो खुणेपुरताच.

"राईत माझं स्वगत होतं," एन्सिओ कॅमेऱ्याला म्हणाला. "अर्धं झालं आणि ह्या नालायकानं कंदील वर केला. आठशे माणसं बसल्या जागी माझ्यासमोरून निघून गेली. हसत. त्यांच्यात सिनेमाचा दिग्दर्शक होता. चौथरा थांबला तेव्हा पाण्याकाठी तौनो उभा. हातात कंदील. देखणा."

"बंद करा," मीरकानं मागं सांगितलं. लाल दिवा विझला. हे श्रद्धांजलीत चालणार नाही, असं ती शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली.

"मग मला कशाला बोलावलंत? गोड हवं होतं तर बेकरीवाल्याला बसवायचं इथं."

मीरका सकाळपासून उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं. "त्यांनी तर तुमच्याबद्दल किती छान बोलून ठेवलंय."

खुर्ची करकरली.

"माझ्याबद्दल? कधी?"

"मार्चमध्ये. तुमचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा."

"म्हणजे मी आधी जाणार, अशी तुमची पैज होती."

दाखवल्याशिवाय मी उठत नाही, असं एन्सिओनं सांगितलं, आणि तो उठणाऱ्यातला दिसत नव्हता. तिनं पडदा त्याच्याकडे वळवला.

तौनोचा टेक.

निळा स्वेटर, गालफडं बसलेली. तरीही देखणा. एन्सिओला तेच सहन होईना.

"एन्सिओ माझ्यापेक्षा मोठा नट होता," पडद्यावरचा तौनो म्हणाला. "एका उन्हाळ्यात यंत्रवाल्याची चूक झाली. त्याचं स्वगत चालू असताना चौथरा फिरला, प्रेक्षक माझ्याकडे आले. पण मला राईतून त्याचा आवाज ऐकू येत होता. पठ्ठ्या थांबला नाही. झाडांसमोर शेवटच्या शब्दापर्यंत बोलला." तो किंचित हसला. "त्याला प्रेक्षक कधी लागलेच नाहीत. मला मात्र लागायचे."

पडदा काळा झाला. मला तर रडू आलं होतं, मीरका म्हणाली. तुमच्या वेळी आम्ही हेच दाखवणार.

एन्सिओ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. त्या रात्री तो एक शब्दही पुढे बोलला नव्हता. अर्ध्या वाक्यावर, तोंड उघडं ठेवून, आठशे पाठींकडे बघत उभा राहिला होता. तोंडात डास गेला. मग तो नाटकातल्याच कपड्यांत राईतून चालत बसथांब्यावर गेला, आणि त्या भूमिकेत पुन्हा कधी उभा राहिला नाही. राईतून आवाज आला नाही, हे नक्की माहीत असलेला दुसरा माणूस जगात एकच होता.

"मग खरं काय?" मीरकानं विचारलं. "कंदिलाचं खरं, की यंत्रवाल्याचं? दोन्ही तर दाखवता येणार नाहीत. ते खोटं बोलले असतील तर त्यांचं सगळंच काढावं लागेल. झाडांचंसुद्धा."

एन्सिओनं कॉलर नीट केली.

टेक तीन.

"चूक यंत्रवाल्याची होती." त्यानं बी थुंकावी तसं वाक्य टाकलं. "तौनो हाल्मे सज्जन माणूस होता. मोठा नट होता. त्याच्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं."

त्याचे दात इतके आवळलेले होते की मीरकाला ते दुःख वाटलं. एका दमात झालं, ती खूश होऊन म्हणाली. मग तिला आणखी एक सुचलं. झाडांसमोर बोललात ना, त्या स्वगताचा शेवट तेवढा म्हणा. तुमच्याच आवाजात. तुमच्या कार्यक्रमात घालू, तौनोंच्या बोलण्यानंतर लगेच.

"आत्ता?"

"आत्ताच. हं, चालू."

टेक चार.

लाल दिवा लागला. एन्सिओनं बुटाचं टोक जमिनीला टेकवलं आणि रेटा दिला. खुर्ची सावकाश फिरली. समोरून मीरका गेली, दिवे गेले, पावाची बशी गेली, आणि स्टुडिओचा काळा पडदा आला. कॅमेऱ्याला आता त्याची मान दिसत होती, ताज्या कापलेल्या पांढऱ्या केसांची रेघ, कॉलर.

"एन्सिओ, इकडे," मीरका म्हणाली.

त्याचे खांदे वर गेले. मान ताठ झाली. मोठं वाक्य उचलण्याआधी नट छातीत हवा भरून घेतो, तशी त्याची पाठ भरली. बोलणाऱ्या माणसाची पाठ अशीच दिसते.

कानांत आवाज येईना, तशी मीरकानं हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. मग आणखी घट्ट.