गिरणीचं गिऱ्हाईक

बेकिथेंबा म्लोत्श्वाने पेनाचं टोपण काढलं, पण सही केली नाही.

"गिरणी सुरू कधी करणार?" त्याने विचारलं.

"सुरू नाही करायची," कॉलिन ट्रेव्हर्स म्हणाला. मॉरिशसमधल्या एका कंपनीसाठी हा गोरा माणूस बुलावायो शहरातले बंद पडलेले कारखाने विकत घेत हिंडत होता. "कुलूप लावायचं आणि थांबायचं. सरकार बदललं की उघडायचं."

"आणि नाहीच बदललं तर?"

"तर आमचे पैसे बुडाले. म्हणून तर हा भाव."

भाव एका जुन्या मोटारीएवढा होता. बेकिथेंबाने दोन मागांवर ब्लँकेटं विणायला सुरुवात केली होती, तिथून ही गिरणी उभी केली होती. पण आता सूत मिळत नव्हतं, वीज वाटेल तेव्हा जात होती. सकाळी विकलेल्या ब्लँकेटच्या पैशात संध्याकाळी पाव येत नव्हता. कामगार सीमेवरची नदी ओलांडून दक्षिणेकडे गेले होते. गेल्या निवडणुकीत त्याला वाटलं होतं, हे सरकार जाणार. त्याच्या आधीच्या निवडणुकीतही वाटलं होतं. "हे आपल्याला पोचवूनच जातील," असं तो हल्ली बायकोला म्हणायचा. गिरणी विकून दोघं जोहान्सबर्गला लेकाकडे, सिबुसिसोकडे जाणार होती.

त्याच्या बायकोला, सितोकोझिलेला, सही होताना बघवेना. ट्रेव्हर्सच्या गाडीत कुणीतरी बसून होतं. त्याच्यासाठी चहा घेऊन ती अंगणात आली. काळी काच खाली गेली. आतला तरुण तिला बघून चपापला.

"फराई? अरे, फराईच ना तू?" जन्मभर शाळेत शिकवलेली ती बाई. पोरांचे चेहरे ती विसरत नसे. "आणि असा चोरासारखा गाडीत काय बसलास? घरात ये की."

"नको मॅडम. इथेच बरा आहे."

"या गोऱ्याकडे नोकरीला आहेस?"

फराई हसला. "तो आमच्याकडे आहे, मॅडम." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे, सासऱ्यांकडे. सही झाल्याशिवाय हलू नकोस म्हणालेत. पण कुठे बोलू नका हं, प्लीज."

त्याचे सासरे मंत्री होते. आम्ही कुठे जात नाही, आमची नातवंडंही इथेच राज्य करतील, असं ते रोज रेडिओवर गर्जून सांगत. फराईच्या लग्नाच्या जेवणावळीला अर्धं शहर लोटलं होतं. म्लोत्श्वा नवराबायकोही गेली होती.

सितोकोझिले चहाचा कप तसाच घेऊन आत आली.

"सिबुसिसोचे बाबा, जरा थांबा."

"आता काय?"

ती त्याच्या कानाशी वाकली आणि आपल्या भाषेत दोनच वाक्यं बोलली.  बेकिथेंबा उठून खिडकीशी गेला. फराई गाडीची काच वर घेत होता.

बेकिथेंबाने पेनाला टोपण लावलं.

"गिरणी विकायची नाही."

ट्रेव्हर्सला वाटलं, म्हातारा भाव वाढवतोय. त्याने रक्कम दुप्पट केली. मग मालकाला फोन करून येतो म्हणाला, बाहेर गेला आणि परत आल्यावर तिप्पट केली. बेकिथेंबा बधला नाही. शेवटी ट्रेव्हर्स चिडला.

"वेड लागलंय का तुम्हाला? वीज नाही, सूत नाही, कामगार नाहीत! कशाच्या आशेवर बसणार आहात इथे?"

बेकिथेंबाने बायकोच्या हातातला गार झालेला चहा घेतला आणि एका घोटात संपवला.

"लोक इतकी वर्षं सांगत होते, सरकार जाणार," तो म्हणाला. "माझा तर विश्वासच उडाला होता. आज सरकारनेच माणूस पाठवून कळवलं."